सायक्लोन वरून धूळ फेकून राहिला तर आधी खाली पाहा: डाळ मिल, जिनिंग, ट्रॅक्टर अन् घरचा व्हॅक्यूम

तक्रार एकच असते, मशीन कोणतीही राहो. "भाऊ, नवा बसवला तेव्हा मस्त चालत होता, आता वरच्या चिमणीतून कुटार उडून राहिलं अन् खाली पोत्यात काहीच पडत नाही." मग कोणीतरी सायक्लोन (हवा गोल फिरवून धूळ वेगळी पाडणारं पत्र्याचं नळकांडं) खोलतो, आतून झाडतो, पुन्हा जोडतो, आठ-दहा दिवस बरं चालते अन् पुन्हा तीच धूळ, पुन्हा शेजाऱ्याची भांडणं, कारण त्याच्या अंगणात वाळत घातलेल्या मिरचीवर तुरीची टरफलं येऊन बसलेली असतात. डाळ मिलवाल्यांची ही तक्रार, जिनिंगवाल्यांची हीच, ट्रॅक्टरचा एअर फिल्टर घडीघडी चोक होतो त्यांचीही हीच अन् घरी व्हॅक्यूम क्लीनर घेतलेल्या लोकांचीही हीच. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतो, ज्याला लागेल त्याने वाचावं.

धूळ वरून येते म्हणून सगळे वरच पाहतात. ब्लोअर, म्हणजे हवा ओढणारा-ढकलणारा पंखा, कमजोर झाला म्हणतात, मोटर मोठी टाकतात, चिमणीला कापड बांधतात (हे तर बिलकुल करू नका, पुढे सांगतो). पण मी जेवढे सायक्लोन पाहिले त्यातल्या बहुतेकांचा रोग खाली निघाला, जिथून धूळ पोत्यात पडते त्या तोंडाशी. तिथून बाहेरची हवा आत शिरते. तेवढं बंद केलं की निम्मी भांडणं मिटतात.

खालची हवा एवढा घात काहून करते ते समजून घ्या. सायक्लोनमध्ये धुळीची हवा वरच्या बाजूने आडवी घुसते, गोल गोल फिरत भिंतीने खाली जाते, धूळ भिंतीला दाबल्या जाते अन् घसरत कोनच्या, म्हणजे खालच्या निमुळत्या भागाच्या, टोकाकडे येते. हवा मात्र खाली पोचून उलटते अन् मधोमध बारीक भोवरा होऊन वरच्या मधल्या पाइपातून निघून जाते. या मधल्या भोवऱ्यात दाब सगळ्यात कमी असतो अन् तो भोवरा पार खालच्या छिद्रापर्यंत पोचलेला असतो. म्हणजे अख्ख्या सायक्लोनमध्ये सगळ्यात जास्त ओढ जिथे आहे, नेमकं तिथेच आपण पोतं सुतळीने बांधतो. तिथे फट राहिली की बाहेरची हवा सरळ मधल्या भोवऱ्यात शिरते अन् जी धूळ भिंतीवरून उतरून पोत्यात पडणारच होती तिला उचलून वर घेऊन जाते. लोकांना वाटते की ब्लोअर सायक्लोनच्या आधी असला, हवा ढकलत असला, तर खालून हवा आत येणार नाही, बाहेरच निघेल. तसं नेहमी नसते. ढकलणाऱ्या सायक्लोनमध्येही मधल्या भोवऱ्याचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होऊ शकतो. अन् ब्लोअर नंतर असला, ओढत असला, तर विचारूच नका, मग प्रत्येक फट आतच ओढते.

एक केस सांगतो, दिग्रसकडची. बचत गटाच्या बायांनी मिनी डाळ मिल टाकलेली, तिला मागे दोन फुटी सायक्लोन. आधी ब्लोअर सायक्लोनच्या पुढे होता, सगळं टरफल पंख्यातून जायचं अन् पाती झिजायची, म्हणून कोण्या फिटरने ब्लोअर काढून सायक्लोनच्या नंतर बसवला. हा बदल चांगलाच आहे, पंख्यातून स्वच्छ हवा जाते, पाती टिकतात, मोठ्या मिलांमध्येही असंच करतात. पण खालचं गोणपाटाचं पोतं तसंच ठेवलं. मी गेलो तर पोत्याच्या बुडात वीट ठेवलेली दिसली. विचारलं, ताई ही वीट कशाला, तर म्हणे "भाऊ, मशीन चालू केली की पोतं वरती ओढल्या जाते, कोनात घुसते, म्हणून वजन ठेवलं." तिथेच निदान झालं. पोतं वर ओढल्या जाते म्हणजे गोणपाटाच्या विणीतून हवा आत येऊन राहिली. वीट ठेवून पोतं जागेवर राहिलं, हवा काही थांबली नाही. वर चिमणीच्या टोपीवर टरफलाचा इंचभर थर, खाली पोत्यात दोन ओंजळी माल.

करायचं काय, तर गोणपाट काढा अन् खाली बंद भांडं लावा. आम्ही लोखंडी ड्रम घेतला, २०० लिटरचा, झाकणाला मधोमध कोनच्या तोंडाएवढं छिद्र पाडून फ्लँज (बोल्टने जोडायची चपटी कडा) वेल्ड केला, फ्लँजमध्ये ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून टाकलं अन् झाकणाच्या रिंगणालाही तेच रबर. बोल्ट हाताने नाही, पान्याने आवळायचे. ड्रमच्या बाजूला खिडकीएवढा चौकोन कापून जाड ॲक्रिलिक सीलंटने चिकटवलं, म्हणजे भरला की दिसते. अन् कोन अन् ड्रमच्या मधात एक सरकती पट्टी, ड्रम खाली करताना ती बंद करायची. प्लास्टिकचा पातळ ड्रम घेऊ नका, ओढीने पोटात चपकतो अन् झाकण सुटते. एवढं करून चालवलं तर वरची धूळ लगेच कमी झाली, डोळ्याला दिसेल अशी. ब्लोअर तोच, मोटर तीच.

ज्यांच्याकडे माल सारखा पडतो, दर तासाला ड्रम बदलणं जमत नाही, त्यांना एअरलॉक पाहिजे, म्हणजे तो फिरणारा पात्यांचा गेट. पण एअरलॉक आहे म्हणजे हवा बंद आहे असं समजू नका. पात्यांच्या टोकाला रबर असते, ते झिजते, अन् बॉडी अन् पात्याच्या मधात बोट जाईल एवढी फट होते, मग तो एअरलॉक नावापुरता राहते. एका वेळी किमान दोन पाती बॉडीला टेकलेली पाहिजे, दोन्ही बाजूला. रबर दर सीझनच्या आधी बदला, सीझन संपल्यावर नाही, कारण पावसाळ्यात पडून पडून नवीन रबरही कडक होऊन जाते. शाफ्टची पॅकिंगही पाहा, तिथून हवा येते ते कोणी पाहत नाही. अन् हात घालायच्या आधी स्टार्टर बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवा. एअरलॉक दिसायला हळू फिरतो पण गिअरवर असते सगळं, बोट सापडलं तर तो थांबत नाही.

हवा येते का नाही हे पाहायला अगरबत्ती लावू नका, काही जण तसं सांगतात. डाळीची बारीक पूड हवेत असताना ठिणगीने भडका होतो अन् जिनिंगमध्ये तर रुई आहे. पन्नीची बारीक पट्टी कापा, काडीला बांधा अन् ब्लोअर चालू असताना प्रत्येक जोडाभोवती फिरवा. फट असली की पट्टी तिकडे ओढल्या जाते. कोनच्या तोंडापासून सुरू करा, मग एअरलॉकचे फ्लँज, मग साफसफाईची खिडकी, मग पाइपाचे जोड. साफसफाईची खिडकी लय बदमाश असते, बारा वेळा उघडल्याने तिचं पॅकिंग फाटलेलं असते अन् ती नेमकी कोनच्या खालीच बसवतात.

त्यापेक्षा पक्की परीक्षा पाहिजे असेल तर कोनचं तोंड काही वेळापुरतं पूर्ण बंद करा, खाली रबर लावून पत्र्याची चकती बोल्टने आवळून टाका किंवा बंद डबा लावा, अन् थोडासाच माल सोडून चालवा. वरची धूळ थांबली तर रोग शंभर टक्के खालीच आहे. थांबली नाही तर पुढचं वाचा. जास्त वेळ चालवू नका, कोन भरून जाईल.

आता मोठा ब्लोअर टाकायचा विचार ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी हिशोब. दोन फुटी, म्हणजे ६० सेंटिमीटर व्यासाचा सायक्लोन धरा, आत यायचं तोंड १५ बाय ३० सेंटिमीटर. जिनिंगसाठी जे सायक्लोन चालतात त्यातला २डी२डी नावाचा जो आहे, म्हणजे वरचा डबा व्यासाच्या दुप्पट लांब अन् खालचा कोनही दुप्पट, त्याला तोंडाशी सेकंदाला साधारण १५ मीटर वेग पाहिजे. १५ बाय ३० च्या तोंडातून त्या वेगाने तासाला सुमारे २,४०० घनमीटर हवा जाते. आता हाच वेग २० करायचा म्हटलं तर हवा फक्त एक-तृतीयांश वाढते, पण दाब पावणेदोन पटीच्या वर लागते अन् मोटरची ताकद जवळपास २.४ पट. म्हणजे ३ एचपीच्या जागी ७ एचपी. एवढं करून मिळते काय? वेग ठरलेल्यापेक्षा जास्त झाला की भिंतीवर बसलेली धूळ उखडून पुन्हा हवेत जाते, अन् खालची फट तशीच असली तर ओढ वाढल्यामुळे फटीतून येणारी हवाही वाढते. बिल वाढलं, धूळ तेवढीच. म्हणून मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो, मोटर बदलायच्या आधी पाचशे रुपयाचं रबर बदलून पाहा.

कमी वेगही तेवढाच वाईट आहे हे लक्षात ठेवा. वेग कमी झाला की धूळ भिंतीपर्यंत जातच नाही अन् त्याच्याही आधी आडव्या पाइपात बसून राहते. पाइपात हलक्या कोरड्या धुळीसाठी १८ ते २० मीटरचा वेग ठेवतात, त्याच्या खूप खाली गेलं की पाइपाच्या बुडाशी ढीग होतो, पाइप अर्धा होतो. वेग कमी व्हायची आपल्याकडची कारणं मात्र वेगळी असतात, बाहेरच्या मॅन्युअलमध्ये ती सापडत नाहीत. पहिलं, लाइनचं काम झालं, डीपी बदलली, की फेज उलटे होतात अन् ब्लोअर उलटा फिरते. अन् गंमत म्हणजे उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने जाते, फक्त खूप कमी जाते, म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही. ब्लोअरच्या बॉडीवर बाण असतो, बाण पुसला असेल तर बॉडीचा गोगलगायीसारखा आकार पाहा, पंखा बाहेरच्या तोंडाकडे हवा ढकलत फिरला पाहिजे. उलटा असेल तर स्टार्टरवर कोणतेही दोन फेज अदलाबदल करा. मी पाहिलं तर "काल लाइट गेली होती, तेव्हापासून धूळ वाढली" असं कोणी म्हटलं की दहापैकी बऱ्याच वेळा हेच निघते. दुसरं, हरभऱ्याला, गव्हाला पाणी देणं सुरू झालं की व्होल्टेज खाली येते, मोटर तापते, बेल्ट घसरते. बेल्टवर काळी पूड पडलेली दिसली की समजा.

मीटर नसला तरी दाब मोजता येते. नर्सरीत मिळणारी पारदर्शक नळी घ्या, लाकडाच्या पट्टीवर यू आकारात ठोका, अर्धी पाण्याने भरा, एक टोक सायक्लोनच्या आत यायच्या पाइपात बारीक भोक पाडून घाला अन् दुसरं निघायच्या पाइपात. पाण्याच्या दोन पातळ्यांमधला फरक स्केलने मोजा. नीट चालणाऱ्या सायक्लोनला साधारण ७५ ते १५० मिलिमीटर फरक दिसते, डिझाइनप्रमाणे कमीजास्त. सगळ्यात कामाचं म्हणजे मशीन चांगली चालत असताना हा आकडा भिंतीवर पेंटने लिहून ठेवा, माल सोडून अन् माल न सोडता दोन्ही. माल चालू असताना फरक थोडा कमी दिसतो, त्याने घाबरू नका, धुळीने भोवऱ्याचा जोर कमी होतो म्हणून ते तसंच असते. पण रिकाम्या मशीनचा आकडा एकदम अर्ध्यावर आला तर हवाच कमी येऊन राहिली, पाइप चोक आहे नाहीतर पंखा उलटा आहे. अन् टोंग टेस्टर (तारेभोवती धरून करंट मोजायचा चिमटा) असला तर मोटरचा करंटही पाहा. अशा ब्लोअरचा रस्ता चोक झाला की करंट कमी होतो, वाढत नाही, कारण पंखा हवा हलवतच नाही. करंट कमी म्हणजे मोटर खुश आहे असं समजून लोक निवांत बसतात.

यावरूनच ते चिमणीला कापड बांधायचं. कापड बांधलं की काही मिनिटांत ते भरते, हवा अडते, तोंडाशी वेग पडतो अन् सायक्लोन धूळ पकडणं सोडून देतो. म्हणजे कापडाने जी धूळ अडली तिच्यापेक्षा जास्त धूळ आता वर यायला लागते. कापडाची फिल्टर पाहिजेच असेल तर नीट मापाची बॅग फिल्टर बसवावी लागते, तिचं क्षेत्रफळ खूप मोठं असते, झटकायची सोय असते.

खाली फट नाही, वेग बरोबर आहे, तरी धूळ येते, मग सायक्लोन रिकामा करून आत टॉर्च मारा. तीन गोष्टी शोधा. पोचे. कोन चोक झाला की हमाल हातोडीने ठोकतो, दर वर्षी ठोकतो, अन् कोन बाहेरून फणसासारखा होऊन जातो. प्रत्येक पोचा आतून उंचवटा असतो, खाली घसरणारी धूळ त्यावर आपटून मधल्या भोवऱ्यात उडते. लाकडी मोगरी वापरा, अन् जो कोन लय पोचला आहे तो खालचा तुकडा कापून नवीन पत्र्याचा लावा, वेल्डिंगचा गाठा आतून ग्राइंडरने साफ करूनच. दुसरं, मधला पाइप, जो वरून आत लोंबते. तो गंजून वरच्या पत्र्याशी सुटला किंवा त्याला भोक पडलं की धुळीची हवा फेरा न मारता सरळ शॉर्टकटने बाहेर जाते. हे बाहेरून दिसतच नाही. गोंदिया-भंडाऱ्याकडे राइस मिलवाले असतील त्यांनी हे खास पाहा, धानाच्या तुसात सिलिका भरपूर असते, ते तूस पत्रा खाऊन टाकते, आत यायच्या तोंडासमोरची भिंत अन् कोनचं टोक आधी जाते. तिथे आतून जाड पट्टी किंवा टाइल लावतात. तिसरं, भरलेला ड्रम. मधला भोवरा कोनच्या तोंडाशी संपत नाही, तो खाली ड्रममध्येही काही अंतर उतरते. ड्रम गळ्यापर्यंत भरला की भोवरा वरची धूळ चाटून घेते. दोन-तृतीयांश भरला की खाली करा, तेवढा नियम पाळला तरी फरक पडते.

ओल्या मालाचं थोडक्यात सांगतो. तुरीला तेल-पाणी लावून मिलमध्ये टाकतात, त्यामुळे टरफल दमट असते, सकाळी थंडीत पत्र्याला आतून पाणी सुटते अन् बारीक पूड लेपासारखी कोनच्या टोकाला बसते. माल बंद केल्यावर लगेच ब्लोअर बंद करू नका, दहा-पंधरा मिनिटं रिकामा चालू द्या, पाइप अन् कोन दोन्ही साफ अन् कोरडे होतात.

जिनिंगवाल्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे अन् त्यावर मला जास्त लिहायचं आहे, कारण वणी, पांढरकवडा, हिंगणघाट या पट्ट्यात लोक हा त्रास वर्षानुवर्षं सहन करून राहिले. तिथे धुळीबरोबर रुईचा धागा येतो. कोन जितका लांब अन् टोक जितकं निमुळतं तितकी बारीक धूळ चांगली पकडल्या जाते, म्हणून अमेरिकेत जिनिंगसाठी १डी३डी हा सायक्लोन आला, डबा व्यासाएवढा अन् कोन तिप्पट लांब, वेग सेकंदाला १६ मीटरच्या आसपास. मातीच्या धुळीला तो खरंच चांगला आहे. पण त्याचं खालचं तोंड व्यासाच्या चौथ्या भागाएवढंच असते, अन् धागा तिथे पोचला की खाली पडत नाही, तोंडापाशीच गोल गोल फिरत राहते, फिरता फिरता बोराएवढे गोळे होतात अन् ते गोळे आलेली धूळ पुन्हा पुन्हा उडवतात. बाहेर येणारी धूळ वाढते. हे तिथल्या अभ्यासातही दिसलं अन् म्हणून टेक्सासमध्ये १९९५ च्या सुमारास १डी२डी हा प्रकार आणला, कोन आखूड, खालचं तोंड व्यासाच्या अर्धं, वेग १२ मीटरच, दाबही कमी लागतो.

आपल्याकडे ओळखायचं कसं? ब्लोअर बंद करून खालचा एअरलॉक सोडा अन् कोनच्या तोंडात आतून बोट फिरवा. तोंडाच्या जरा वर पत्रा चकचकीत घासलेला पट्टा लागला अन् त्याच्या आसपास पांढरे घट्ट गोळे निघाले तर हाच रोग. चालू असतानाही कान लावला तर कोनच्या टोकाला टकटक, घासल्यासारखा आवाज येत राहतो, माल पडल्याचा आवाज नसतो. यात फट बुजवून पूर्ण फायदा होत नाही. तोंड मोठं करावं लागते, म्हणजे कोन जिथे व्यासाच्या तिसऱ्या भागाएवढा किंवा अर्धा आहे तिथे कापायचा अन् खाली रुंद डबा देऊन मग एअरलॉक. कापलेल्या कोनाखाली डबा न देता सरळ अरुंद एअरलॉक लावला तर काहीच मिळत नाही, गोळे तिथे फिरतील. शक्य असेल तर सायक्लोनच्या आधीच रुई वेगळी करायची जाळी लावा, ते सगळ्यात चांगलं, अन् निघालेली रुई वायाही जात नाही. नागपूरला कापूस तंत्रज्ञानाच्या केंद्रीय संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे, ज्यांना नवीन बसवायचं आहे त्यांनी पत्रेवाल्याकडे जायच्या आधी तिथे जाऊन बोलावं असं मला मनापासून वाटते.

ट्रॅक्टर. नवीन ट्रॅक्टरच्या कोरड्या एअर फिल्टरचा डबा हा स्वतःच सायक्लोन आहे, हवा तिरपी घुसून फिरते, जाड माती बाजूला पडते अन् उरलेली कागदाच्या फिल्टरवर जाते. डब्याच्या खाली रबराची चोचीसारखी टोपी लोंबते, तीच एअरलॉक. इंजिन जोरात असताना ओढीने तिचे ओठ बंद होतात, हळू झालं की उघडून माती पाडतात. उन्हाळवाहीच्या धुळीत ही टोपी फाटते, कडक होते, नाहीतर कोणी धुताना काढून ठेवतो अन् विसरतो. मग खालून हवा येते, माती बाहेर पडत नाही, फिल्टर दर काही दिवसांनी चोक. लोक फिल्टर बदलत राहतात. आधी ती टोपी दाबून पाहा, ओठ एकमेकाला टेकतात का, बोटाने उघडल्यावर माती पडते का. टोपी स्वस्त आहे, इंजिन नाही.

घरचा व्हॅक्यूमही वेगळा नाही. जेम्स डायसन यांनी लाकूडगिरणीवरचा सायक्लोन पाहून तोच घरच्या मशीनमध्ये आणायचा म्हटलं, ५,१२७ नमुने केले अन् १९९३ मध्ये डीसी०१ नावाचा व्हॅक्यूम बाजारात आला. मोठ्या एका सायक्लोनच्या जागी नंतर बारीक बारीक कोनांचा घोस आला, त्याचं कारण सोपं आहे. त्याच १५ मीटर वेगाने आपल्या दोन फुटी सायक्लोनमध्ये धुळीवर वजनाच्या ७५ पट जोर येतो, अन् दीड सेंटिमीटर त्रिज्येच्या कोनात १,५०० पट. म्हणून तो बारीक धूळ पकडतो. पण बारीक कोनाचं टोकही बारीक, लवकर चोक होते, म्हणून काही मॉडेलमध्ये टोक लवचिक रबराचं दिलं, ते थरथरत राहते अन् धूळ बसू देत नाही.

आता घरी सक्शन घडीघडी जाते तर पाहायचं ते असं: डब्याच्या खालच्या झाकणाचं रबर. झाकण उघडून डबा खाली करताना केस, धागा त्या रबरावर अडकते अन् झाकण पूर्ण लागत नाही. ओल्या फडक्याने रबर पुसा, चिरलं असेल तर बदला. डबा मॅक्सच्या रेषेवर भरू देऊ नका, कारण तेच, भोवरा धूळ चाटते. चुलीची राख अन् सिमेंटची पूड ओढू नका, ती एवढी बारीक असते की सायक्लोन चुकवून सरळ फिल्टरवर जाते. फिल्टर धुतला तर पूर्ण वाळू द्या, एक अख्खा दिवस, ओला लावला तर त्यावर धुळीचा चिखल बसतो अन् तो मग निघत नाही. अन् वायरवाल्या साध्या मोटरचा व्हॅक्यूम असेल तर व्होल्टेज पाहा. १७० वर आलं की मोटर मंद होते, हवा कमी, वेग कमी, अन् धूळ डब्यात पडायच्या ऐवजी फिल्टरवर बसते. मशीन खराब नसते. सकाळी व्होल्टेज चांगलं असताना चालवा. आवाजावरूनही कळते, आवाज बारीक अन् तीक्ष्ण झाला तर रस्ता चोक आहे, आवाज जड अन् मंद झाला तर व्होल्टेज कमी आहे.

हे सगळं करूनही बाहेर धुरासारखी धूळ दिसत असेल, हातावर घेतली तर पिठासारखी, चरचरत नाही, तर मग सायक्लोनला दोष देऊ नका. एकटा सायक्लोन १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरची धूळ चांगली पकडतो, त्याच्या खाली त्याची ताकद कमी होत जाते, अन् फुफ्फुसात खोलवर जाणारी अडीच मायक्रॉनची धूळ तर बरीचशी निसटते. त्यासाठी सायक्लोनच्या नंतर बॅग फिल्टरच पाहिजे. तोपर्यंत मिलमध्ये काम करणाऱ्या बायांना नुसता दुपट्टा बांधून उभं करू नका, दुपट्टा ही धूळ अडवत नाही. एन९५ मास्क तालुक्याला मेडिकलमध्ये मिळतो. रुईच्या धुळीने छाती आवळायचा जो आजार होतो तो सुरुवातीला सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशीच जाणवतो, म्हणून कोणी सोमवारी छाती भरल्याचं सांगितलं तर ते कामचुकारपणा समजू नका, डॉक्टरकडे न्या.

कोणाला विचारायचं असेल तर खाली विचारा, पण नुसतं "धूळ येते" लिहू नका. सायक्लोनचा व्यास, आत यायच्या तोंडाची लांबी-रुंदी, कोनच्या खालच्या तोंडाचं माप, ब्लोअर आधी आहे का नंतर, मोटर किती एचपीची, माल कोणता, अन् त्रास कधीपासून, लाइनचं काम झाल्यावर का पावसानंतर का ब्लोअर हलवल्यावर, एवढं लिहा. फोटो टाकायचा तर वरच्या चिमणीचा नको, खालच्या तोंडाचा टाका, जवळून, पोतं किंवा ड्रम कसा बांधला ते दिसेल असा.